पाण्याकडून पाहायची इमारत: कुंभारजुवे कालव्याकाठच्या एका पेढीचे प्रकरण

गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्याच्या काठावर एका व्यापारी घराण्याची जुनी पेढी आहे. खाली कोठार, वर माडीवर हिशेबाची कचेरी. घराणे आता पाच शाखांत वाटले गेले आहे. इमारत मात्र अजून सामाईक. दोन शाखांना ती पाडून तिथे पर्यटकांसाठी होमस्टे उभारायचा होता. तिसऱ्या शाखेचे म्हणणे, आजोबांची पेढी आहे, हात लावू देणार नाही. चौथ्या शाखेला भांडण नको होते, काहीही ठरले तरी सही द्यायची तयारी होती. पाचव्या शाखेचा मुलगा पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेला, फोनवर बोलायचा, पण कागदावर काही द्यायला तयार नव्हता. जीर्णोद्धाराचे काम करणारा आर्किटेक्ट म्हणून मला बोलावले ते एका प्रश्नासाठी. घरातल्या थोरल्या भाऊंनी तो नेमक्या शब्दांत विचारला: ‘ही इमारत हेरिटेज आहे की नाही, तेवढे लिहून द्या. आम्ही मोकळे.’

गावाचे नाव आणि कुटुंबाचे आडनाव त्यांच्याच इच्छेवरून इथे देत नाही. प्रकरण मात्र सविस्तर मांडतो. गोव्यात वारसा म्हटला की चर्च, देऊळ, किल्ला, नाहीतर राजांगणाचे मोठे घर डोळ्यांसमोर येते. कामाच्या इमारती, म्हणजे कचेऱ्या, कोठारे, जकातीच्या चौक्या, तारीच्या धक्क्यावरच्या खोल्या, कुणाच्या यादीत नसतात. त्या पडतात तेव्हा कुणी हळहळतही नाही. मला याचे फार वाईट वाटते. गोव्याचे पोट ज्या व्यवहारावर चालले, त्याचा उभा पुरावा याच इमारतींत आहे.

रस्त्यावरून काय दिसते

माझ्याआधी एका अभियंत्याने इमारत पाहून पानभर अहवाल दिला होता. ‘बांधकाम जीर्ण, वास्तुशास्त्रीय वैशिष्ट्य नाही, पाडण्यास हरकत नसावी,’ असा त्याचा मथितार्थ. अहवाल खोटा नव्हता. तो रस्त्याच्या बाजूने लिहिलेला होता. त्या बाजूला खरोखरच काही नाही: सिमेंटच्या गिलाव्याची सपाट भिंत, मागाहून बसवलेले लोखंडी शटर, कोपऱ्यात पत्र्याची पडवी आणि भिंतीला टेकलेला विजेचा खांब. रस्ता तिथे उशिरा आला आणि तो इमारतीच्या पाठीमागून गेला. ज्या बाजूने आज सगळे येतात ती या पेढीची मागची बाजू आहे, एवढी एक गोष्ट त्या अहवालात नव्हती.

म्हणून मी शेजारच्या मासेमाऱ्याची होडी घेतली आणि ओहोटीची वेळ धरून कालव्याच्या बाजूने गेलो. ओहोटी अशासाठी की धक्क्याच्या खालच्या पायऱ्या तेव्हाच उघड्या पडतात. या कालव्यात उधाणाच्या दिवशी पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, त्यामुळे भरतीला अर्धा धक्का पाण्याखाली असतो. मगरीही आहेत, होडीवाल्याने खालच्या पायरीवर उतरू दिले नाही. (याच पट्ट्यात दुर्भाट-भोमच्या बाजूला पौषात बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, ‘मांगे थापणी’ म्हणतात तिला. पाण्याशी इथल्या माणसांचे नाते किती जुने आहे, हे त्यावरून कळते.)

पाण्याकडून पाहिल्यावर इमारत उलगडते. जांभ्या चिऱ्यांच्या रुंद पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. वरच्या पायरीशी दोन दगडी खुंटे, आणि त्या खुंट्यांना दोरखंडांनी पडलेल्या खाचा. बोट घालून पाहिले तर खाच आतून गुळगुळीत लागते. वर्षानुवर्षे पडाव बांधल्या-सोडल्याशिवाय जांभा असा होत नाही. पायऱ्यांच्या समोर कोठाराचा दुहेरी दरवाजा, माणूस डोक्यावर पोते घेऊन न वाकता आत जाईल एवढ्या उंचीचा. माडीवर कालव्याकडे तोंड केलेल्या खिडक्यांची ओळ. त्यांतल्या दोन खिडक्यांत अजून शिंपल्यांची तावदाने शाबूत आहेत; बाकीच्यांत काच किंवा प्लायवूड.

दरवाजाच्या आतल्या बाजूला चुन्याच्या भिंतीवर रेघा आहेत. उभ्या चार, आडवी एक, पुन्हा उभ्या चार. पोती मोजणाऱ्याने खिळ्याने ओढलेल्या. काही ठिकाणी रेघांवर पातळ सफेदी चढवून त्यावर पुन्हा नव्या रेघा ओढल्या आहेत.

आता या इमारतीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू. कोठाराच्या मधोमध, छताच्या तुळईला जाड लोखंडी आकडा आहे. त्यावर तराजू टांगत. बरोबर त्याच्या वर, माडीच्या लाकडी जमिनीत, हातभर लांबीरुंदीची एक झडप आहे. बिजागरीची लाकडी फळी उचलली की माडीवर बसलेल्या मुनीमाला थेट तराजूचा काटा दिसतो. खाली तोलणारा वजन पुकारायचा, वर मुनीम झडपेतून काटा पाहून वहीत मांडायचा. माल, माप आणि हिशेब यांना जोडणारी जागा इतकी स्पष्ट राहिलेली पेढी गोव्यात मी दुसरी पाहिलेली नाही.

माझे मत याच जागी पक्के झाले. या इमारतीचे मोल धक्का, दरवाजा, तराजू, झडप आणि माडीवरची कचेरी या एका सलग साखळीत आहे. साखळीची एक कडी गेली तरी उरलेल्या कड्या म्हणजे नुसती जुनी भिंत आणि नुसत्या जुन्या पायऱ्या.

पेढी इथेच का

कुंभारजुवे कालवा मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडतो. भरती-ओहोटीचे पाणी दोन्ही टोकांनी आत-बाहेर होते. तिसवाडी आणि फोंडा यांच्या मधली ही पाण्याची रेघ अनेक वर्षे पोर्तुगीज राज्याची सीमा होती. बाणस्तारीचा किल्ला आफोंस द आल्बुकर्कने १५१२ मध्ये रसूलखानाकडून घेतला, तेव्हापासून तिसवाडी पोर्तुगीजांची. पलीकडचा फोंडा मात्र १७६३ पर्यंत त्यांच्या ताब्यात आला नव्हता. याच पाण्यात जुवे बेटावरचा सांत इस्तेव्हचा कोट संभाजी महाराजांच्या सैन्याने नोव्हेंबर १६८३ मध्ये रातोरात काबीज केला होता.

सीमेवरच्या पाण्याला व्यापार आपोआप चिकटतो. एका अंगाला राजधानीचे शहर आणि बंदर, दुसऱ्या अंगाला अंत्रुजची, म्हणजे फोंड्याकडची, कुळागरे, सुपारी, नारळ, मिरी, आणि जुन्या काबिजादीतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातून, उठून गेलेल्या देवांची नवी देवळे. अशा जागी हिंदू व्यापाऱ्यांच्या पेढ्या वाढल्या. माल पडावातून यायचा, पडावातून जायचा. मीठ, भात, सुपारी, नारळ ही रोजची देवघेव.

हा व्यापार एका दिवसात संपला नाही, हेही नोंदवायला हवे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मिठाच्या धंद्याचे कंबरडे मोडले. त्याच तहातून मुरगाव बंदर आणि रेल्वे झाली, १८८० च्या दशकात मालाची वाट बदलू लागली. १९५० च्या दशकात भारताने नाकेबंदी केली. १९६१ नंतर रस्ते आणि पूल झाले, आणि पाण्यावरचा किरकोळ माल ट्रकवर चढला. कालव्यात उरल्या त्या खनिजाच्या बार्जी. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, तेव्हा बार्जी याच कालव्यातून झुआरीला आणि पुढे मुरगावला जात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर तीही वर्दळ ओसरली. आज हा कालवा २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ आहे.

पेढीच्या वयाबद्दल घरात एक ठाम समजूत होती: १८६५. कारण छपरावरच्या मंगळुरी कौलांवर तो आकडा उठवलेला आहे. हे मला पुन्हा पुन्हा भेटते, म्हणून इथे लिहून ठेवतो. बासेल मिशनच्या कौलांवरचे १८६५ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, कौल घडवल्याचे नव्हे. पुढची कित्येक दशके तोच ठसा उठत राहिला. भिंतींचे वय शोधायला आम्ही पाख्याकडच्या भिंतीचा गिलावा थोडा खरवडला. तिथे आजच्या छपराच्या खाली, वेगळ्या उताराची एक जुनी रेघ निघाली, आणि तिच्या कडेला चुन्यात रुतलेले नळीच्या कौलाचे तुकडे. म्हणजे मंगळुरी कौले दुसऱ्या खेपेची. भिंती त्याहून जुन्या. नेमके साल त्यावरून निघत नाही, आणि ते निघालेच पाहिजे असेही नाही. भाऊंना मात्र हे ऐकून आनंद झाला. १८६५ गेले याचे दुःख त्यांना झाले नाही, उलट भिंती त्याआधीच्याही असू शकतात म्हणून ते घरात सगळ्यांना बोलावून ती रेघ दाखवत होते.

कागद

माडीवरच्या फडताळात वह्यांचे गठ्ठे होते. कीर्द, खतावणी, रोजमेळ. जुन्या वह्या मोडीत, पुढच्या बाळबोध मराठीत. परवाने आणि अर्ज पोर्तुगीजमधले, मुद्रांकाच्या कागदावर. वाळवीने दोन गठ्ठे फस्त केले होते, बाकीचे कसरीने चाळण झालेले तरी वाचता येण्याजोगे. होमस्टेच्या आराखड्यात या फडताळाच्या जागी न्हाणीघर होते, आणि वह्या ‘रद्दी’ या सदरात.

पोर्तुगीज दरबाराचा दप्तरखाना गोव्यात १५९५ मध्ये सुरू झाला आणि तो आजही संशोधकांना खुला आहे. पण सरकारी दप्तरात सरकारचा व्यवहार असतो. भाताचा भाव काय होता, हमालाला रोज काय मिळे, कोणत्या गावची सुपारी कोणत्या महिन्यात उतरे, कोण कुणाला उधार देई, हे पेढीच्या वहीत असते. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे कागद अभ्यासकांच्या हाती आले म्हणून गोव्याच्या व्यापाराबद्दल आज इतके लिहिता येते. अशी किती घराणी होती आणि कितींच्या वह्या चुलीत गेल्या, याचा विचार केला की जीव तुटतो. पहिल्याच भेटीत मी कुटुंबाला एक विनंती केली: इमारतीचे काय करायचे ते नंतर ठरवा, वह्या मात्र आजच खाली कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवा. घरातल्या काकींनी त्याच संध्याकाळी पोरांना कामाला लावले.

बिघाड: पाणी, मीठ आणि सिमेंट

‘इमारत जीर्ण आहे’ हे वाक्य प्रत्येक पाडापाडीच्या आधी येते, म्हणून जीर्ण का झाली ते नीट पाहायला हवे. इथे कारण वयात नव्हते.

जांभा सच्छिद्र. पायातून ओल चढणारच, आणि कालव्याकाठी ती खारी. उन्हाळ्यात कालव्याचे पाणी खारे असते, पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते. म्हणजे दर वर्षी भिंत मीठ पिते आणि काही अंशी धुऊनही टाकते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा ओल अडवत नाही. ती बाहेर पडू देतो. मीठ गिलाव्याच्या पृष्ठभागावर येऊन स्फटिक होते, गिलावा हळूहळू भुगभुगतो, दर काही वर्षांनी तो खरवडून नवा हात द्यायचा. झीज गिलाव्याने सोसायची आणि चिरा वाचवायचा, अशी ती व्यवस्था.

काही वर्षांपूर्वी ‘कायमचा बंदोबस्त’ म्हणून या पेढीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि कोठाराच्या जमिनीवर चकचकीत सिरॅमिक फरशी बसवली. दोन्ही गोष्टी ओलीची वाट बंद करणाऱ्या. जमिनीतून वर येणारी वाफ फरशीखाली अडली आणि भिंतींकडे वळली. भिंतीत सिमेंटमागे ती कोंडली आणि आणखी वर चढली. मीठ आता गिलाव्याच्या मागे, चिऱ्याच्या अंगावर साचू लागले. आम्ही एका जागी सिमेंटचा पापुद्रा काढला तर मागचा चिरा बोटाने खरवडता येत होता, हातात तांबडी भुकटी. चढलेली ओल माडीच्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोचली होती. पाच तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजली होती. बाकी तुळई, मधला सगळा भाग, ठणठणीत.

ज्या माडीला ‘धोकादायक’ ठरवले होते तिचा धोका असा हातभर लांबीचा होता. तुळयांची टोके कापून नवे लाकूड सांधता येते, हे काम जाणणारे सुतार फोंड्याच्या बाजूला अजून आहेत. सिमेंट उतरवायचे, पावसाळा संपल्यावर भिंत कोरड्या महिन्यांत उघडी ठेवायची, मीठ ओढून घेण्यासाठी कागदाच्या लगद्याचे लेप द्यायचे, मग मुरवलेल्या चुन्याचे पातळ हात चढवायचे. फरशी काढून जमीन पुन्हा श्वास घेणारी करायची. हे काम सावकाशीचे आहे, पण यात न समजण्यासारखे काही नाही.

खरी काळजी धक्क्याची. बार्जींच्या लाटांनी पायऱ्यांखालची माती उकरली गेली आहे. खालच्या दोन पायऱ्या पुढे कलल्या आहेत. एका बाजूला खारफुटी वाढली आहे, तिथला काठ शाबूत. जिथे ‘साफसफाई’ म्हणून ती पूर्वी तोडली, नेमका तिथेच काठ ढासळला. होमस्टेच्या आराखड्यात पाण्याचे दृश्य मोकळे व्हावे म्हणून उरलेली खारफुटीही काढायची होती. ते कायद्यानेही चालत नाही आणि इमारतीलाही परवडत नाही.

मोल कसे ठरवले

ही पेढी कोणत्याही संरक्षित यादीत नाही. गोव्याच्या १९७८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली राज्य-संरक्षित वास्तूंची यादी आहे, ती मोजक्या स्मारकांची. पण यादीत नसलेल्या वास्तूंसाठीच इंटॅक या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये एक सनद तयार केली. तिचा पायाच असा की संरक्षणाबाहेर राहिलेला वारसा हा संरक्षित वारशाहून कितीतरी मोठा आहे. त्यात आणि ऑस्ट्रेलियाच्या बुर्रा सनदेत सांगितलेल्या निकषांवर मी माझा अहवाल बेतला.

सौंदर्याच्या निकषावर मी हात राखून लिहिले. शिंपल्यांची तावदाने आणि खिडक्यांची ओळ देखणी आहे, पण पणजीच्या फोंताइन्यशमधल्या घरांशी हिची तुलना करू नये. मोल वाढवून सांगितले की पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

इतिहासाच्या आणि पुराव्याच्या निकषावर मी तिला वरच्या श्रेणीत ठेवले. कारणे वर आलीच आहेत.

सामाजिक मोल घरच्यांकडून कळले नसते. होडीवाल्याने सांगितले की त्याचे वडील याच धक्क्यावर हमाली करत आणि पावसाळ्यात काम नसले तरी पेढीवरून भाताची उचल मिळे, दिवाळीनंतर ती फिटे. शेजारच्या वाड्यावरच्या एका म्हातारीने सांगितले ते वेगळे होते: उचल फेडता फेडता तिच्या सासऱ्याचे भाटले, म्हणजे माडांची बाग, गेले. दोन्ही गोष्टी मी अहवालात लिहिल्या. घरातल्या एका तरुणाला दुसरी गोष्ट आवडली नाही, ‘हे कशाला?’ असे त्याने विचारलेही. पण पेढी म्हणजे नुसती पेढीवाल्यांची आठवण नव्हे. ज्यांनी पोती वाहिली आणि ज्यांची नावे खतावणीच्या उजव्या पानावर राहिली, त्यांचाही या पायऱ्यांवर हक्क आहे. त्या रेघा कुणी ओढल्या, ते हात कुणाचे, हे गावात अजून माहीत आहे तोवर विचारून ठेवायला हवे. भाऊंनी त्या तरुणाला एवढेच म्हटले, ‘वहीत आहे ते लपत नाही रे बाबा.’ परिच्छेद राहिला.

आणि सण आहे. गणपतीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड होतो. दोन होड्या एकत्र बांधून त्यावर चित्ररथ सजवतात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ते कालव्यात फिरतात. पाण्याकडे तोंड करून जगण्याची सवय या गावांची अजून पुरती मोडलेली नाही.

कायदा आणि पैसा

बैठकीत वातावरण बदलले ते वारशाच्या भाषणाने नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ते बदलले किनारी नियमनाच्या तरतुदीने. कालव्याला भरतीचे पाणी येते, म्हणून काठ सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येतो. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा पंचायत क्षेत्रातल्या ना-विकास पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, तीही असलेल्या जोत्यापुरती आणि असलेल्या चटईक्षेत्रापुरती. तीन मजल्यांच्या होमस्टेचे चित्र कुणीतरी दाखवले होते, ते त्या जागी उभे राहूच शकत नव्हते. पाडले तर जास्तीत जास्त एवढेच परत बांधता येणार, आणि तेही परवानग्या मिळाल्या तर. पाडून हाती काय लागणार, हा प्रश्न मग त्यांनीच एकमेकांना विचारला.

दुसरी गाठ वारसाहक्काची. गोव्याच्या नागरी संहितेप्रमाणे लग्नानंतर मालमत्ता सामाईक होते, त्यामुळे पाच शाखा म्हणजे पाच सह्या नव्हेत. जोडीदारांच्याही सह्या लागतात. वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरीचा दावा लावला तर निकालापर्यंत छप्पर टिकेल की नाही, हीच शंका. विक्री किंवा पाडकामाला सगळ्यांची संमती हवी. छप्पर गळते ते थांबवायला मात्र एका सहमालकानेही पुढे झाले तरी चालते, असे त्यांच्या वकिलांनी सांगितले. दुरुस्तीची वाट त्यामुळेच सोपी ठरली.

वापर काय

काकींचा प्रश्न सर्वांत खरा होता. ‘राखायचे म्हणता, ठीक आहे. पण रोज दार उघडणार कोण? झाडू मारणार कोण? बंद घर चार पावसाळ्यांत खाली बसते.’

मी पणजीची तीन उदाहरणे त्यांच्यासमोर ठेवली. मांडवीकाठचा आदिलशाही राजवाडा: १७५९ पासून व्हाइसरॉयचे निवासस्थान, पुढे सचिवालय आणि विधानसभा. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली आणि राजवाड्याचे रोजचे काम संपले. आता तिथे प्रदर्शने, महोत्सव होतात, ते चालू असतात तेव्हा गजबज, एरवी शांत. दुसरे, जकात खात्याची नदीकाठची निळी इमारत: २००९ मध्ये तिचे संग्रहालय झाले. आणि तिसरे, ओरे खाडीजवळच्या पाटो पुलाशी असलेले मुख्य टपाल कार्यालय. ती पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची इमारत होती. ब्राझीलमधून येणारा तंबाखू हा एके काळी राजाच्या मक्तेदारीचा माल. तिथे आजही रोज माणसे रांगेत उभी राहतात, पाकिटे तोलली जातात, शिक्के बसतात. संग्रहालयाबद्दल मला आदर आहे, पण तिन्हींत मला टपाल कार्यालय सर्वांत जास्त जिवंत वाटते. कचेरी म्हणून बांधलेल्या इमारतीला कचेरीच ठेवता आली तर तिच्या भिंती कमी फोडाव्या लागतात.

उत्तर घरातूनच आले. चौथ्या शाखेची सून सनदी लेखापाल आहे. माशेलला भाड्याच्या गाळ्यात तिची कचेरी. ती म्हणाली, ‘माडी दुरुस्त करून दिलीत तर मी इथे येते. भाडे देईन तेच दुरुस्तीला लावा.’ ज्या खिडकीपाशी मुनीम बसायचा तिथे तिला बसायचे आहे. खाली कोठारात शेजारच्या महिला बचत गटाला माल ठेवायला जागा द्यायची, असे तिनेच सुचवले. आकडा आणि तुळई यांना हात न लावता ते जमते. वह्यांची पेटी आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचे काम तिसऱ्या शाखेने घेतले आहे.

एका मुद्द्यावर वाद झाला. झडप धोक्याची, कुणी पडेल, म्हणून ती काँक्रीटने बुजवावी असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे, काच बसवा, लोकांना दिसेल. मी दोन्हींना विरोध केला. उघडणारी आणि मिटणारी फळी हेच तिचे काम होते. काचेखाली ती देखावा होते. शेवटी मूळ फळी आणि बिजागऱ्या तशाच ठेवून भोवती सुटा लाकडी कठडा करायचा, आणि फळीला आतून कडी, असे ठरले.

कुठवर आले आहे

छपराचे काम झाले. वासे जवळजवळ सगळे जुनेच राहिले, रिपा बदलल्या, फुटकी कौले त्याच घराण्याच्या पडक्या गोठ्यावरून आणली. रस्त्याकडचे सिमेंट उतरवले आहे. पाण्याकडचे बाकी आहे. शटर काढायचे की ठेवायचे यावर एकमत नाही. माझे म्हणणे, राहू द्या: तीही या इमारतीची एक अवस्था आहे, ट्रक आले तेव्हाची.

पोर्तुगालहून पाचवी सही अजून आलेली नाही. तिच्यावाचून धक्क्याच्या कामाचा अर्ज पूर्ण होत नाही, कारण काठ दुरुस्त करायला किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते आणि अर्जदार म्हणून सगळे मालक दिसावे लागतात. आराखडा तयार आहे: सिमेंट नाही, खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतीच्या, बांधाला करतात तशी चिकणमाती आणि जांभ्याची कोरडी रचाई, खारफुटी जागेवर, आणि कललेल्या पायऱ्या क्रमांक घालून उतरवून पुन्हा त्याच क्रमाने बसवायच्या. काम कोरड्या दिवसांत आणि तेही ओहोटीच्या वेळांतच करता येते, म्हणून होळीपासून मिरगापर्यंतचे दिवस हातात असतात. या वर्षीचे ते दिवस गेले तर खालच्या दोन पायऱ्या पुढच्या पावसाळ्यात जातील, असे मी लेखी कळवले आहे. भाऊंनी ते पत्र लिस्बनला पाठवले, सोबत धक्क्याचा फोटो.